दिसत नाही, पासवर्ड घेत नाही, सेव्ह होत नाही : विंडोज, मॅक आणि लिनक्समधलं फाइल शेअरिंग कसं तपासायचं

लग्नसराईत छापखान्यातून येणारा फोन ठरलेला असतो : "मॅडम, सर्व्हर गेला." सर्व्हर बहुतेक वेळा जागेवरच असतो आणि तीनपैकी एक गोष्ट अडलेली असते. म्हणून मी आधी एवढंच विचारते, "सर्व्हर दिसतच नाही, की पासवर्ड घेत नाही, की उघडतो पण सेव्ह होत नाही?" या तिन्ही तक्रारींची कारणं वेगळी आहेत. उत्तर मिळाल्याशिवाय एकही सेटिंग बदलायचं नाही.

साताऱ्यातल्या ज्या छापखान्याचं नेटवर्क मी सांभाळते, तिथे डिझाइनला मॅक मिनी आहे, कोरल (पत्रिका मांडायचं सॉफ्टवेअर) आणि हिशेबासाठी विंडोज ११चे पीसी आहेत, आणि माळ्याखाली उबुंटू लिनक्स घातलेला एक जुना डेस्कटॉप आहे. त्यावर सांबा (लिनक्सवरून फाइल शेअर करणारा प्रोग्रॅम) चालतं आणि सगळ्या ऑर्डरी तिथेच राहतात. या तिघांना एकमेकांशी बोलायला वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. तिघांनाही एसएमबी ही फाइल शेअरिंगची भाषा येते. मॅकनेसुद्धा २०१३च्या मॅव्हरिक्सपासून स्वतःची जुनी भाषा एएफपी मागे ठेवून एसएमबीलाच पहिली पसंती दिली.

दिसत नाही

"नेटवर्क"मधल्या यादीवर विसंबू नका. शेअरिंग धडधाकट असतानाही यादी रिकामी असू शकते. विंडोजवर एक्सप्लोररच्या ॲड्रेस बारमध्ये दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे सर्व्हरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) लिहा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०. मॅकवर फाइंडरमध्ये कमांड-के दाबून एसएमबी, कोलन, दोन सरळ तिरक्या रेघा आणि तोच आयपी. फोल्डर उघडला, तर बिघाड फक्त नाव शोधण्यात आहे. विंडोज शेजारी शोधतं डब्ल्यूएस-डिस्कव्हरीने, मॅक शोधतो बॉन्जूरने, आणि सांबा स्वतःहून या दोन्हींतलं सगळं करत नाही. उबुंटूवर विंडोजसाठी डब्ल्यूएसडीडी आणि मॅकसाठी अवाही बसवलं की यादीत नाव येतं. मी मात्र राउटरमध्ये सर्व्हरचा आयपी कायमचा राखून ठेवते आणि प्रत्येक पीसीवर त्या आयपीने ड्राइव्ह मॅप करून देते. कामाच्या माणसाला यादी लागत नाही, झेड ड्राइव्ह लागतो.

आयपी टाकूनही उघडलं नाही, तर दोन्ही यंत्रांचे आयपी शेजारी शेजारी लिहून बघा. एकाचा १९२.१६८.१ने सुरू होतो आणि दुसऱ्याचा १९२.१६८.०ने, असं दिसलं तर बरेचदा घोळ दोन राउटरचा असतो. इंटरनेटवाल्याने एक डबा बसवलेला असतो आणि मागच्या खोलीत रेंज येत नाही म्हणून कुणीतरी दुसरा आणून जोडलेला असतो. दुसऱ्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका. तो मोड नसेल तर त्याच्याच सेटिंगमध्ये जाऊन त्याला पहिल्याच्या रांगेतला एक मोकळा आयपी द्या, डीएचसीपी (यंत्रांना आपोआप आयपी वाटणं) बंद करा आणि मग वायर "वॅन" लिहिलेल्या खोबणीतून काढून "लॅन"च्या खोबणीत घाला. गेस्ट वायफायवरचं यंत्रही बाकीच्यांपासून तोडलेलं असतं, तेही पाहून घ्या.

पिंगला (नेटवर्कवरून यंत्राला मारलेल्या हाकेला) उत्तर नाही म्हणजे यंत्र बंद आहे, असं धरू नका. विंडोजची फायरवॉल पिंगला गप्प बसवू शकते. पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन चालवून पोर्ट ४४५ तपासा. एसएमबी त्याच दारातून जातं. विंडोज पीसीच शेअर करत असेल, तर त्याचं नेटवर्क पब्लिकवरून प्रायव्हेटवर आणा आणि फाइल ॲण्ड प्रिंटर शेअरिंग चालू करा. अख्खी फायरवॉल बंद करायची गरज मला अजून कुठेही पडलेली नाही.

पासवर्ड घेत नाही

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. माणूस सांगतो, "पासवर्ड बरोबरच आहे हो, रोज तोच टाकतो." रोज टाकतो तो बहुधा चार आकडी पिन असतो. पिन त्या एका यंत्रापुरता असतो, नेटवर्कवर चालत नाही. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन होत असेल तर युजरनेम म्हणजे पूर्ण ईमेल आणि पासवर्ड त्या ईमेल खात्याचा. तो कुणाला आठवत नाही. म्हणून मी शेअर करणाऱ्या विंडोजवर एक साधं लोकल खातं उघडते, त्याला नीट पासवर्ड देते आणि तेच सगळीकडे वापरते. मालकांचा ईमेल पासवर्ड कामगारांच्या यंत्रात साठवून ठेवणं चुकीचं आहे.

दुसरा प्रकार : खात्याला पासवर्डच नाही. "आमच्याकडे लपवण्यासारखं काय आहे?" असं म्हणून मोकळा ठेवलेला. विंडोज कोरा पासवर्ड फक्त समोर बसलेल्या माणसाकडून चालवून घेतं, नेटवर्कवरून आलेल्याला परत पाठवतं. पासवर्ड द्या, प्रश्न सुटतो.

उबुंटूवर सांबाचा पासवर्ड वेगळा असतो. लिनक्समध्ये लॉगिन होतं म्हणून सांबातही होईल असं नाही. एसएमबीपासडब्ल्यूडी ही कमांड डॅश-ए लावून, सुडोसकट (ॲडमिनच्या हक्काने), त्या युजरसाठी एकदा चालवावी लागते. मॅकवरून विंडोजला शेअर देताना याच जातीची अडचण येते : सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, शेअरिंग, फाइल शेअरिंगच्या ऑप्शन्समध्ये जाऊन त्या युजरपुढे खूण करून त्याचा पासवर्ड टाकावा लागतो. ती खूण नसेल तर विंडोज कितीही वेळा विचारेल आणि प्रत्येक वेळी नाही म्हणेल.

एखाद्या विंडोजवर "एकाच सर्व्हरला एकापेक्षा जास्त युजरनेमने जोडता येत नाही" अशा अर्थाचा संदेश आला, तर त्या पीसीची आधीची जोडणी जुन्या नावाने जिवंत आहे. नेट यूज कमांडने ती दिसते आणि तिनेच तोडता येते. मग क्रेडेन्शियल मॅनेजरमधून जुनी नोंद पुसा. मॅकवर हेच काम कीचेनमध्ये.

काल चालत होतं आणि विंडोजच्या अपडेटनंतर बंद पडलं, असं असेल तर सर्व्हरवर गेस्ट म्हणून, पासवर्डविना प्रवेश आहे का ते बघा. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून एसएमबीची प्रत्येक जोडणी सही केलेली (डेटा वाटेत बदलला नाही याची खूण असलेली) लागते, आणि गेस्टला सही करता येत नाही. रजिस्ट्रीत हात घालून हे बंद करता येतं. करू नका. सर्व्हरवर एक युजर आणि पासवर्ड तयार करायला त्याहून कमी वेळ लागतो.

उघडतं, पण सेव्ह होत नाही

विंडोजवर शेअरच्या परवानग्या आणि एनटीएफएसच्या (डिस्कवरच्या फायलींच्या) परवानग्या वेगवेगळ्या असतात आणि दोन्हींतली कडक असेल ती लागू होते. शेअरिंगच्या टॅबमध्ये सगळं दिलं तरी सिक्युरिटीच्या टॅबमध्ये त्या खात्याला मॉडिफाय नसेल, तर फाइल फक्त वाचता येईल.

सांबाचा नेहमीचा घोळ असा : कोरलवर बसणाऱ्या काकांनी फाइल सेव्ह केली, आणि डिझाइनच्या ताईंना ती मॅकवर रीड-ओन्ली दिसते. सांबा नवी फाइल मूळ सेटिंगप्रमाणे ०७४४ने बनवतं, म्हणजे लिहिण्याचा हक्क फक्त बनवणाऱ्याला. सगळ्यांना एका ग्रुपमध्ये घ्या, फोल्डर त्या ग्रुपच्या नावावर करा. शेअरच्या सेटिंगमध्ये फोर्स ग्रुपला त्याच ग्रुपचं नाव, क्रिएट मास्क ०६६४ आणि डिरेक्टरी मास्क ०७७५ लिहा. आधीच्या फायलींचे हक्क एकदा हाताने बदलावे लागतील. शेअर उबुंटूच्या होम फोल्डरात ठेवू नका : २१.०४पासून होम फोल्डर इतर युजरना बंद असतो. एसआरव्ही या सिस्टिम फोल्डराखाली वेगळा फोल्डर करा.

फाइल समोर आहे, तरी सापडत नाही

याबद्दल मराठीत काम करणाऱ्यांना फारसं कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. एका ऑर्डरीच्या फोल्डरात "नवरीकडची-पत्रिका" नीट उघडायची, आणि "नवऱ्याकडची-पत्रिका"ला जोडलेलं चित्र मात्र विंडोजवर "मिसिंग" यायचं. दोन्हींची नावं डोळ्यांना बरोबर. फरक एकाच अक्षराचा : ऱ. युनिकोडमध्ये ऱ एकसंध अक्षर म्हणून लिहिता येतं, किंवा र आणि खाली नुक्ता असे दोन तुकडे करूनही. मॅकची जुनी एचएफएस प्लस डिस्क नावाचे तुकडे करूनच साठवते. त्या डिस्कवरून आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमने लिनक्सवर बॅकअप घेतला की तुकड्यांचं नाव तसंच जातं. लिनक्सची डिस्क-रचना ईएक्सटी४ नावं बाइटगणिक ताडून बघते, त्यामुळे तिच्या लेखी ही दोन वेगळी नावं. एकाच फोल्डरात हुबेहूब सारख्या नावाच्या दोन फायलीही राहू शकतात. शिवाय काही जुन्या कीबोर्डवर हाच अर्धा र म्हणजे र, हलन्त आणि न दिसणारा जोडक असा टाइप होतो, म्हणजे तिसरं नाव. "नवऱ्या", "साताऱ्या", "कऱ्हाड", "दुसऱ्या" हे सगळे शब्द यात सापडतात, आणि पत्रिकेच्या कामात ते टाळणार कसे?

तुकड्यांच्या नावांवर उपाय लिनक्सवर आहे : सीओएनव्हीएमव्ही हा प्रोग्रॅम. यूटीएफ-८कडून यूटीएफ-८कडे, एनएफसी (एकसंध अक्षरांचा) पर्याय लावून, आतल्या फोल्डरांसकट चालवा. तो आधी फक्त काय बदलणार ते दाखवतो. ती यादी वाचा, बॅकअप घ्या, आणि मगच नोटेस्ट लावून खरं चालवा. न दिसणाऱ्या जोडकाचं काम त्याने होत नाही, ती नावं हाताने पुन्हा लिहावी लागतात. आता छापखान्यात फाइलचं नाव ऑर्डर नंबरने सुरू होतं आणि ऱ असलेला शब्द फाइलच्या आत राहतो, नावात नाही.

तारखेतल्या तिरक्या रेघेचंही बघा. मॅकवर फाइलच्या नावात "१२/४" लिहिता येतं. विंडोजला नावात तिरकी रेघ, कोलन, प्रश्नचिन्ह, तारांकन यांतलं काही चालत नाही. सांबावर अशा नावाची फाइल असेल तर विंडोजवर ती लाटेच्या खुणेसह विचित्र छोट्या नावाने दिसू शकते. फाइल शाबूत असते, मॅकवरून नाव बदला.

एसएमबी १ चालू करा, असं कुणी सांगितलं तर

एसएमबी १ म्हणजे एसएमबीची जुनी, असुरक्षित आवृत्ती. फोनवरून मदत करणारे हा उपाय पटकन सुचवतात, आणि मला त्याचा राग येतो. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर जगभर पसरलं ते एसएमबी १मधल्या भगदाडातून. त्याच वर्षीच्या विंडोज १०च्या १७०९ आवृत्तीपासून ते मुळात बसवलंच जात नाही, आणि सांबानेही २०१९च्या ४.११पासून ते मूळ सेटिंगमध्ये बंद केलं. छापखान्याच्या सर्व्हरवर शेकडो घरांचे पत्ते आणि फोन नंबर असतात. ते लोकांनी विश्वासाने दिलेले आहेत.

जुना कॉपिअर स्कॅन पाठवताना एसएमबी १च मागत असेल, तर आधी त्याचं फर्मवेअर अपडेट मिळतं का बघा. नसेल मिळत तर त्याला स्कॅन-टू-ईमेलवर किंवा पेनड्राइव्हवर टाका. एफटीपी येत असेल तर उबुंटूवर फक्त स्कॅनसाठी वेगळा युजर आणि वेगळा फोल्डर करून द्या, आणि त्या युजरला ऑर्डरींच्या फोल्डरात शिरू देऊ नका.