चांगला लीडर व्हायचंय? माणसांची तोंडं बंद करणाऱ्या या चुका टाळा

लीडरच्या अंगी काय हवं, असं विचारलं की उत्तरं ठरलेली येतात: आत्मविश्वास, धडाडी, झटपट निर्णय. हे गुण लागतातच. पण त्यांचा अतिरेक झाला की हाताखालची माणसं हळूहळू बोलेनाशी होतात, आणि हे लीडरच्या लक्षात सगळ्यात शेवटी येतं. टीमचं काहीतरी बिनसलंय असं वाटत असेल, तर आधी एवढंच तपासा: वाईट बातमी तुमच्यापर्यंत वेळेवर पोहोचते का? पोहोचत नसेल, तर पुढच्यांपैकी एखादी चूक घडत असण्याची दाट शक्यता आहे.

शांततेला होकार समजणं

तुम्ही योजना मांडता, "कुणाला काही शंका?" असं विचारता, दोन क्षण थांबता आणि "चला, मग ठरलं" म्हणून लॅपटॉप मिटता. तेवढ्यात कोपऱ्यातल्या कुणीतरी बोलायला तोंड उघडलेलं असतं आणि इतरांकडे बघून परत मिटलेलं असतं. ती शंका मग चहाच्या वेळी निघते, पण तिथे तुम्ही नसता.

ही चूक किती महाग पडू शकते, ते विमान वाहतुकीने सोसलंय. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांमधल्या टेनेरिफच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन बोइंग ७४७ विमानांची धावपट्टीवरच टक्कर झाली आणि ५८३ माणसं दगावली. उड्डाणासाठी सुटलेल्या विमानाचा कॅप्टन अतिशय ज्येष्ठ, इतर वैमानिकांना शिकवणारा होता. टेकऑफची परवानगी अजून मिळालेली नव्हती. विमान वेग घेत असताना फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली: समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालेलं नाही का? झालंय, असं कॅप्टनने ठासून सांगितलं. तो विषय कॉकपिटमध्ये पुन्हा निघाला नाही. धुकं होतं, रेडिओवर एकाच वेळी आलेले संदेश नीट ऐकू गेले नव्हते, अशी इतर कारणंही होतीच. तरी सत्य त्या कॉकपिटमध्ये प्रश्नाच्या रूपात हजर होतं, हे विसरता येत नाही.

पुढे १९७९ मध्ये नासाने घेतलेल्या कार्यशाळेपासून 'क्रू रिसोर्स मॅनेजमेंट' आकाराला आलं. ज्युनिअरने शंका कशी लावून धरायची आणि कॅप्टनने ती कशी ऐकायची, याचं त्यात रीतसर प्रशिक्षण मिळतं. ही गोष्ट शिकवावी लागते, आपोआप येत नाही. त्यामुळे "माझ्याशी कधीही बोला" एवढं म्हणून भागत नाही.

तुमचं मत शेवटी सांगा. नवख्या माणसाला आधी बोलू द्या, कारण साहेबांचं मत कळल्यावर बहुतेक जण त्याचीच री ओढतात. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची 'प्री-मॉर्टेम' पद्धतही वापरून बघा: काम सुरू होण्याआधीच ते पार फसलंय असं धरून चालायचं आणि का फसलं असेल, ते प्रत्येकाने कागदावर लिहायचं. खोट काढायचं कामच नेमून दिलेलं असल्यामुळे ती काढताना कुणाला संकोच वाटत नाही.

बातमी आणणाऱ्यावरच उखडणं

"हे मला आत्ता सांगताय?" हे वाक्य टाळाच. पुढच्या वेळी ती बातमी याहून उशिरा येईल. आधी "बरं झालं सांगितलंत, आता आपल्या हातात काय आहे?" असं विचारा. उशीर का झाला, हा प्रश्न रास्तच आहे, पण तो आग विझल्यावर, एकट्याला बोलावून.

यशाला 'मी', अपयशाला 'टीम'

दुसऱ्या महायुद्धात, जून १९४४ मध्ये, फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरच्या चढाईच्या आदल्या दिवशी दोस्त राष्ट्रांच्या फौजांचे सरसेनापती जनरल आयझेनहॉवर यांनी एक चिठ्ठी लिहून पाकिटात ठेवली होती. मोहीम फसली तर जाहीर करायचं निवेदन होतं ते. सैनिकांनी शौर्यात आणि कर्तव्यात कसूर केली नाही, दोष असेल तर तो फक्त माझा, असा त्याचा आशय. निकाल लागण्याआधीच जबाबदारी घेऊन ठेवली, हे मला फार मोठं वाटतं. वरिष्ठांसमोर आपल्यावर खापर फुटणार नाही याची खात्री असलेली माणसंच आपली चूक लवकर कबूल करतात.

सगळ्यांशी गोड राहणं

ही चूक चांगुलपणासारखी दिसते, म्हणून पटकन ओळखू येत नाही. एखाद्याचं काम सतत कमी पडतंय, तुम्ही वाईटपणा नको म्हणून गप्प राहता आणि त्याचा भार दुसऱ्यांवर पडतो. कष्ट करणारी माणसं हे सगळं बघत असतात. बोला, पण चारचौघांत नको. "तुम्ही बेजबाबदार आहात" असं न म्हणता "मागचे दोन रिपोर्ट उशिरा आले, अडचण काय आहे?" असं विचारा.

टीम आधीच गप्प झाली असेल तर?

मोठी घोषणा करू नका, तिच्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. जो पहिला माणूस विरोधी मुद्दा मांडेल, त्याचं पुढे काय होतं, याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. तो मुद्दा तिथल्या तिथे लिहून घ्या. पुढच्या मीटिंगमध्ये त्याच्या नावानिशी सांगा की यावर आपण हे केलं. मुद्दा मान्य झाला नसेल, तर का नाही, तेही सांगा.