ट्यूब आणि हॅलोजन काढून एलईडी बसवताना

घरातील सगळे दिवे एकदम बदलायचे ठरवून अनेक जण पुण्यातील विजेच्या सामानाच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून, डझनभर एलईडी आणतात आणि घरी आल्यावर कुठे होल्डर जुळत नाही, तर कुठे दिवा लुकलुकत राहतो. म्हणून खरेदीपूर्वी प्रत्येक खोलीतील दिव्याचा प्रकार, होल्डर आणि वॅट कागदावर लिहून घ्यावेत. आपल्याकडील नेहमीचा दोन खिळ्यांचा होल्डर म्हणजे बी-२२ आणि आट्यांचा म्हणजे ई-२७.

निवड वॅटवरून नव्हे, खोक्यावर छापलेल्या ल्युमेनवरून, म्हणजे प्रकाशाच्या मापावरून करावी. जुन्या ६० वॅटच्या बल्बइतका, म्हणजे सुमारे ८०० ल्युमेन प्रकाश ८ ते ९ वॅटचा एलईडी देतो. ३६ वॅटची ट्यूब चोकसह ४५ वॅटच्या आसपास वीज ओढते. तिच्या जागी २० वॅटची एलईडी पट्टी (बॅटन) रोज सहा तास लावली, तर एका ट्यूबमागे वर्षाला सुमारे ५५ युनिट वाचतात. अभ्यासाच्या टेबलावर आणि ओट्यावर ४००० केल्व्हिनचा (केल्व्हिन म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेचे माप), तर झोपण्याच्या खोलीत ३००० केल्व्हिनचा पिवळसर प्रकाश घ्यावा. सगळीकडे ६५०० केल्व्हिनचा पांढराशुभ्र प्रकाश लावण्याची पद्धत मला तरी डोळ्यांना त्रासदायक वाटते.

काम सुरू करण्यापूर्वी एमसीबी (वीज तोडणारा सुरक्षा स्विच) खाली करून टेस्टरने खात्री करावी. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज गेलेली असली तरी त्या भरवशावर राहू नये, कारण ती केव्हाही परत येते. घरी इनव्हर्टर असल्यास त्याची लाइनही बंद करावी.

ट्यूबच्या बाबतीत सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जुनी पट्टी चोक-स्टार्टरसकट उतरवून तेथे एलईडी पट्टी बसवणे. जुन्याच पट्टीत एलईडी ट्यूब घालायची असेल, तर बहुतेक ट्यूबसाठी चोक आणि स्टार्टर जोडणीतून काढावे लागतात. काही ट्यूबना वीज एका टोकाला, तर काहींना दोन्ही टोकांना लागते. त्यामुळे खोक्यावरील आकृती पाहिल्याशिवाय वायर जोडू नये आणि शंका असल्यास वायरमनला बोलवावे.

फॉल्स सीलिंगमधील हॅलोजनकडे अधिक लक्ष द्यावे लागते. ५० वॅटचा छोटा हॅलोजन बहुधा १२ व्होल्टचा असतो आणि त्यामागे ट्रान्सफॉर्मर दडलेला असतो. तेथे ६ वॅटचा एलईडी लावल्यास भार फार कमी झाल्याने इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर नीट चालत नाही आणि दिवा लुकलुकतो. म्हणून ट्रान्सफॉर्मर काढून एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला योग्य वीज पुरवणारा डबा बसवावा. एलईडीला उष्णता सोसत नाही, त्यामुळे हवा न खेळणाऱ्या बंद शेडमध्ये त्याचे आयुष्य घटते. प्रकाश कमी-जास्त करणारा डिमर असेल, तर 'डिमेबल' लिहिलेलाच दिवा घ्यावा.

बटण बंद केल्यावरही एलईडी मंद उजळत राहिला, तर बहुधा बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या वायरऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या वायरवर) जोडलेले असते. पेठांतील जुन्या वाड्यांच्या वायरिंगमध्ये हे तपासून घ्यावेच, कारण अशा वेळी बटण बंद असूनही होल्डरमध्ये फेज राहतो. बटणातील इंडिकेटरमुळेही असे होऊ शकते.

काढलेला धातूचा चोक भंगारवाला नेतो. ट्यूबमध्ये मात्र पारा असतो, त्यामुळे ती घंटागाडीत किंवा कचरा वेचणाऱ्या ताईंच्या हाती न देता, वर्तमानपत्रात गुंडाळून ई-कचरा संकलनात द्यावी. फुटलीच, तर खिडक्या उघडून, झाडू न वापरता जाड पुठ्ठ्याने तुकडे उचलावेत आणि झाकणाच्या बरणीत बंद करून ठेवावेत.