क्रूझवर बंदरं स्वतः फिरायची आहेत? मग या चुका टाळा

क्रूझ बुक करताना सगळा काथ्याकूट केबिनच्या भाड्यावर होतो. खिशाला खरी कात्री लागते ती बंदरात उतरल्यावर. जहाजाची सहल, म्हणजे शोअर एक्सकर्शन, माणशी दरानं विकली जाते. चौघं असाल तर चौपट. बाहेरची टॅक्सी बहुतेक ठिकाणी गाडीमागे पैसे घेते, आणि लोकल ट्रेन किंवा बस त्याहूनही स्वस्त पडते. तेव्हा ‘आपलं आपण फिरू’ म्हणणाऱ्यांचं काही चुकत नाही. चूक होते ती सगळ्या बंदरांना एकच नियम लावण्यात. एका प्रवासात पाच-सहा बंदरं असतील, तर त्यांतल्या चारपाचांत जहाजाच्या सहलीवर पैसे घालणं हा वेडेपणा असतो. उरलेल्या एखाद्या बंदरात ते वाचवायला जाणं हा त्याहून मोठा वेडेपणा.

ब्रोशरमधल्या शहराच्या नावावर विश्वास ठेवणं

ब्रोशरमध्ये ‘रोम’ छापलेलं असतं, पण रोमला समुद्र नाही. जहाज लागतं चिव्हितावेक्कियाला, तिथून रोम सुमारे ८० किलोमीटर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, तिथून फ्लॉरेन्स साधारण ९० किलोमीटर. पिसा मात्र जवळ, पंचवीसेक किलोमीटरवर. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, आणि मधलं अंतर जवळपास २०० किलोमीटर. ‘बर्लिन’ म्हणजे बाल्टिक किनाऱ्यावरचं वार्नेम्युंडे, तेही दोनशेच्या पुढे. ‘बँकॉक’ बऱ्याचदा लाएम चबांग निघतं; मध्ये शंभरावर किलोमीटर आणि वर बँकॉकचा ट्रॅफिक.

व्हेनिसची गोष्ट आणखी मजेशीर आहे. १ ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनांवरच्या जहाजांना सान मार्को चौकासमोरून जायला बंदी आहे. त्यामुळे काही ‘व्हेनिस’ क्रूझ आता राव्हेन्नाला लागतात, आणि ते तर वेगळंच शहर, दीडशेच्या आसपास किलोमीटर दूर. बुकिंग करण्याआधी प्रवासक्रमात बारीक अक्षरांत कंसात काय लिहिलंय ते वाचा. टर्मिनलचं नावही शोधून ठेवा, कारण एकाच बंदरात दोन धक्के एकमेकांपासून चार-पाच किलोमीटरवर असू शकतात.

उलट प्रकारही असतो. मॉन्टेनेग्रोतल्या कोटोरला जहाज जुन्या तटबंदीच्या जवळजवळ दारात लागतं. माल्टातल्या व्हॅलेटाला धक्क्याजवळच लिफ्ट आहे, ती ५८ मीटर वर थेट बागेत नेऊन सोडते. दुब्रोव्हनिकचं ग्रूझ बंदर जुन्या शहरापासून तीनेक किलोमीटर, आणि सिटी बस धक्क्याबाहेरूनच सुटते. अशा बंदरांत ‘शहरदर्शन’ नावाची सहल घेणाऱ्यांबद्दल मला नेहमी वाईट वाटतं. जे रस्ते मोकळेपणानं पालथे घालता आले असते, तेच ते झेंड्यामागे चाळीस जणांच्या रांगेत बघतात.

बंदरातला वेळ पुढून मोजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ‘सकाळी ७ ते संध्याकाळी ७, म्हणजे बारा तास’ असा हिशोब करून लोक दिवस आखतात. हा हिशोब शेवटाकडून सुरू करायचा असतो.

रोमचंच घ्या. जहाज सुटणार ७ वाजता, पण ‘ऑल अबोर्ड’, म्हणजे सगळे वर हवेत ती वेळ, बहुधा अर्धा तास आधीची असते: साडेसहा. त्यात दीड तास राखीव ठेवा, म्हणजे पाचला तुम्ही बंदराच्या फाटकाशी हवेत. चिव्हितावेक्किया स्टेशनवरून बंदरात यायला चालणं आणि शटल मिळून अर्धा तास धरा. ट्रेनला साधारण तासभर. म्हणजे रोम सोडायचं साडेतीनच्या आत. सकाळचंही तसंच. ७ ही जहाज धक्क्याला लागण्याची वेळ. स्थानिक अधिकाऱ्यांची परवानगी येते, गँगवे, म्हणजे उतरायचा जिना, उघडतो, मग तुमची पाळी. शटल, स्टेशन, तिकीट, ट्रेन असं करत रोममध्ये पाय ठेवायला साडेनऊ. बारा तासांतले हाती आले सहा, आणि जेवण त्यातच. या सहा तासांत कोलोसियम आणि व्हॅटिकन दोन्ही बसवणारी माणसं संध्याकाळी जहाजावर परततात तेव्हा त्यांना दोन्हीतलं काहीच आठवत नसतं. एकच निवडा. व्हॅटिकन निवडलंत तर टर्मिनी या मुख्य स्टेशनापर्यंत न जाता सान पिएत्रो स्टेशनवर उतरा; तिथून चालत जाता येतं.

हाच हिशोब ल हाव्रला लावला की पॅरिस बाद होतं. ट्रेनलाच एका बाजूनं दोन तासांहून जास्त लागतात. पॅरिस बघायचंच असेल तर तिथे जहाजाची सहल घ्या, पैसे मोजा, निर्धास्त राहा. नाहीतर ल हाव्र बघा. दुसऱ्या महायुद्धात हे शहर बेचिराख झालं, ओग्युस्त पेरे या वास्तुविशारदानं ते काँक्रीटमध्ये पुन्हा उभं केलं, आणि २००५ पासून ते युनेस्कोच्या यादीत आहे. एत्रेताचे पांढरे कडे आणि ओंफ्लरचं जुनं बंदर दोन्ही तीसेक किलोमीटरच्या आत आहेत. खर्च बसच्या तिकिटाचा.

सरळ नियम हवा असेल तर माझा असा आहे: एका बाजूचा प्रवास दीड तासाच्या वर गेला किंवा वाटेत दोनदा वाहन बदलावं लागलं, तर स्वतः जायचा हट्ट सोडायचा. तुम्ही जहाजाच्या सहलीवर असाल आणि बस अडकली, तर जहाज थांबतं किंवा पुढच्या बंदरात पोहोचवायची सोय कंपनी करते. लांबच्या बंदरात जास्तीचे पैसे देऊन तुम्ही खरं तर ही हमी विकत घेत असता.

मोबाइलच्या घड्याळावर चालणं

जहाजाची वेळ आणि किनाऱ्यावरची वेळ दर वेळी एकच असते असं नाही. मेक्सिकोतलं कोझुमेल हे याचं नमुनेदार उदाहरण. तिथे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, फ्लोरिडात करतात. फ्लोरिडाहून निघालेल्या जहाजानं आपली वेळ बदलली नाही, तर जहाजावर पाच वाजलेले असताना कोझुमेलच्या मनोऱ्याशी जोडलेला तुमचा फोन चार दाखवतो. तुम्ही निवांत नारळपाणी पीत बसता आणि तिकडे गँगवे उचलला जातो. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा आणि दिवसभर त्याच्याकडेच बघा. टॅक्सीवाल्याशी परतीची वेळ ठरवताना मात्र ‘तुमच्या घड्याळात किती’ हे विचारून घ्या.

उशिराची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगतो. मार्च २०२४ मध्ये आफ्रिकेजवळच्या साओ तोमे बेटावर आठ प्रवासी खासगी सहलीहून उशिरा परतले. जहाज समोर नांगरून उभं होतं, तरी त्यांना वर घेतलं नाही. ते गाठण्यासाठी त्यांना देशामागून देश ओलांडत सेनेगलपर्यंत जावं लागलं.

टेंडरचा विसर पडणं

सगळीच जहाजं धक्क्याला लागत नाहीत. काही ठिकाणी नांगर समुद्रात पडतो आणि प्रवासी छोट्या टेंडर बोटींनी किनाऱ्यावर जातात. प्रवासक्रमात ‘टेंडर’ किंवा ‘अँकर’ असं दिसलं की आपल्या वेळातून येता-जाता मिळून दीड तास सरळ वजा करा. पहिल्या बोटी जहाजाच्या सहलीवाल्यांना मिळतात, तुम्हाला नंबराचं तिकीट घेऊन थांबावं लागतं. हे तिकीट कुठल्या मजल्यावर किती वाजता मिळणार हे आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या जहाजाच्या पत्रकात छापलेलं असतं. ते न वाचता सकाळी आरामात नाश्ता करणारे दुपारी किनाऱ्याला लागतात.

सँतोरिनीत यावर आणखी एक गाठ बसते. टेंडर सोडते कड्याच्या पायथ्याशी, जुन्या बंदरात. ‘फिरा’ नावाचं गाव वर. जायला केबल कार, गाढवं, किंवा पाचशेहून अधिक पायऱ्या. चार जहाजं एका दिवशी आली की दुपारी खाली यायची केबल कारची रांग गल्ली ओलांडून जाते. गाढवाचा नाद सोडा: त्या मुक्या जिवाचे हाल होतात आणि त्याच पायऱ्यांवरून चालणाऱ्यांचेही. गुडघे धड असतील तर उतरताना पायी या. नसतील तर ऑल अबोर्डच्या निदान अडीच तास आधी रांगेत लागा. संध्याकाळचा सूर्यास्त तुमच्या नशिबात नाही हे सकाळीच मान्य करून टाका; जहाजाच्या डेकवरून तो तसाही छान दिसतो.

तिकिटं आधी काढणं, आणि न काढणं

दोन्ही चुका आहेत. हवा बिघडली तर कप्तान बंदर सरळ वगळतो. मग परत न मिळणारी तिकिटं आणि पूर्ण पैसे भरलेली गाडी पाण्यात. जहाज आलं नाही तर पैसे परत देणारा स्थानिक टूरवाला निवडा आणि ती अट लेखी घ्या. दुसरीकडे, काही ठिकाणी आयत्या वेळी तिकीट मिळेल या आशेवर जाण्यात अर्थ नाही. इटलीतल्या पाँपेई या प्राचीन शहराच्या अवशेषांत नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २० हजार माणसांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव लागतं. अशा जागी तिकीट आधीच काढा, पण पोहोचण्याच्या अंदाजापेक्षा तासाभरानं उशिराची वेळ घ्या.

वार बघायला तर बहुतेक जण विसरतातच. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद असतात. फ्लॉरेन्सचं उफ्फित्सी सोमवारी बंद, पॅरिसचं लूव्र मंगळवारी. इटलीत १५ ऑगस्टला सुट्टी असते, आणि रेल्वेचे संप तिथे अधूनमधून होतात. ते बहुतेकदा आधी जाहीर झालेले असतात, म्हणून आठवडाभर आधी एकदा तपासून घ्या.

व्हिसाचंही इथेच उरकून टाकतो. शेंगेन व्हिसावर ग्रीसहून निघालात, मध्ये तुर्कस्तानचं कुशादासी लागलं आणि पुन्हा ग्रीसला आलात, तर ती दुसरी एन्ट्री ठरू शकते. सिंगल एन्ट्री व्हिसा असला की इथे घोडं अडतं. अर्ज करतानाच मल्टिपल एन्ट्री मागा आणि तुर्कस्तानचा व्हिसा लागतो का तेही बघून ठेवा.

स्वस्ताईच्या नादात भलत्या जागी बचत

कुशादासीहून इफेसस, म्हणजे प्राचीन शहराचे अवशेष, वीसेक किलोमीटर. जवळच्या सेल्चुक गावाला जाणारी दोलमुश, म्हणजे तिथली वडाप, नाममात्र पैशांत नेते; पण ती इफेससच्या खालच्या दाराकडच्या फाट्यावर सोडते, म्हणजे संगमरवरी रस्ता उन्हात चढत जायचा आणि तोच उतरायचा. जाताना टॅक्सीनं वरच्या दाराशी जा, उतरत उतरत बघा, आणि परतताना खालून दोलमुश पकडा.

टॅक्सी ठरवताना तीन गोष्टी स्पष्ट करा: भाडं गाडीचं की माणशी, एका बाजूचं की येऊन-जाऊन, आणि थांबण्याचे वेगळे किती. आकडा कागदावर लिहून दाखवा. येण्याजाण्याची गाडी असेल तर पूर्ण पैसे जहाजाशी परत आल्यावरच द्या. फाटकातल्या पहिल्या टॅक्सीत बसू नका; दोनशे पावलं पुढे गेलं की भाव बऱ्याचदा उतरतो. सहप्रवाशांतलं एखादं कुटुंब गाठून आठ जणांची व्हॅन केलीत तर माणशी खर्च सगळ्यात कमी पडतो, फक्त बरोबरची माणसं वक्तशीर हवीत.

बुफेतली फळं आणि सँडविच पिशवीत भरून उतरणं ही बचत कधीकधी फार महाग पडते. न्यूझीलंडमध्ये न सांगता फळ नेलं तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड होतो. पाण्याची बाटली आणि पाकीटबंद बिस्किटं चालतात का ते पत्रकात बघा.

फोन बंदर सुटण्याआधीच एअरप्लेन मोडवर टाका. समुद्रात तो जहाजाचं स्वतःचं नेटवर्क पकडतो आणि त्याचं बिल दिवसभराच्या बचतीवर बोळा फिरवतं. नकाशे आधी उतरवून ठेवा.

गोंधळ झालाच तर

ट्रेन रद्द झाली: पुढच्या ट्रेनची वाट बघत बसू नका. स्टेशनावर जहाजाचेच आणखी प्रवासी अडकलेले असतात, गळ्यातल्या कार्डावरून ओळखू येतात. चौघं मिळून टॅक्सी करा.

बंदरच वगळलं गेलं: त्याच दिवशी टूरवाल्याला आणि तिकीटवाल्याला ईमेल करा, सोबत जहाजाच्या सूचनेचा फोटो जोडा. जहाजाकडून बंदराचे कर परत येतात, ते खात्यात जमा झाले का ते शेवटच्या बिलात तपासा.

उशीर होणार हे दिसायला लागलं: पोर्ट एजंटला, म्हणजे क्रूझ कंपनीच्या बंदरातल्या प्रतिनिधीला, लगेच फोन करा. त्याचा नंबर रोजच्या पत्रकात असतो; उतरण्याआधी पत्रकाचा फोटो काढून ठेवा. जहाज थांबेलच असं नाही, पण तुम्ही किती मिनिटांवर आहात हे वर कळलेलं असणं आणि नसणं यात फरक पडतो.

जहाज गेलं: धक्क्यावर रडत बसायच्या आधी पोर्ट एजंटचं ऑफिस गाठा. प्रवासी परतला नाही हे लक्षात आलं की कर्मचारी बऱ्याचदा केबिनच्या तिजोरीतला पासपोर्ट काढून एजंटकडे ठेवून जातात. पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च तुमचाच. म्हणून क्रेडिट कार्ड, पासपोर्टची प्रत आणि दोन दिवस पुरतील एवढी रोजची औषधं पाठीवरच्या पिशवीत हवीत, आणि पासपोर्ट तिजोरीत ठेवणार असाल तर तिजोरीतच ठेवा, गादीखाली नको.