फुकेत की बाली : परदेशातील किनारा कसा निवडावा

कोल्हापूरकरांना समुद्र नवा नाही. पहाटे निघून फोंड्याचा किंवा करूळचा घाट उतरला, की दुपारचे जेवण मालवणात होते. तरीही पासपोर्ट काढून, दोन-तीन वर्षांची बचत खर्चून परदेशातील किनाऱ्यावर जायचे ठरले, तर बहुतेक घरांत चर्चा अखेर दोन नावांवर येऊन थांबते : थायलंडमधील फुकेत आणि इंडोनेशियातील बाली. या चर्चेत ‘कुठे जायचे’ हा प्रश्न आधी आणि ‘केव्हा जायचे’ हा नंतर विचारला जातो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा.

म्हणून पहिले काम भिंतीवरची दिनदर्शिका खाली काढण्याचे आहे. मुलांच्या शाळेच्या सुट्ट्या, दुकान किंवा कारखाना बंद ठेवता येईल असे दिवस आणि घरातील लग्नकार्ये तिच्यावर खुणा करून घ्यावीत. फुकेत विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे ८ अंशांवर आहे आणि बाली दक्षिणेला जवळजवळ तितक्याच अंतरावर. जो नैर्ऋत्य मोसमी वारा पावसाळ्यात आपली पंचगंगा पात्राबाहेर काढतो, तोच अंदमान समुद्रावरून जाऊन मे ते ऑक्टोबर या काळात फुकेतचा पश्चिम किनारा झोडपतो. नेमक्या त्याच महिन्यांत बालीवर ऑस्ट्रेलियाच्या बाजूने कोरडे वारे वाहतात. तेथील पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात पडतो, म्हणजे फुकेतला आकाश निरभ्र असते तेव्हा.

यावरून मे महिन्याच्या सुट्टीसाठी बाली आणि नाताळच्या सुट्टीसाठी फुकेत, हा निर्णय बराचसा आपोआप होतो. अडचण दिवाळीची आहे, कारण ती तिथीप्रमाणे मागे-पुढे सरकते. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते. तेव्हा फुकेतचा पावसाळा संपलेला नव्हता आणि बाली अजून बऱ्यापैकी कोरडी होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला येते, त्यामुळे त्या सुट्टीत पारडे फुकेतकडे झुकते. थायलंडला जाण्यासाठी अधिक मास पाहावा लागेल, असे आपल्या आजोबांना सांगितले असते तर त्यांना गंमत वाटली असती. गुढीपाडव्याच्या सुमारास बालीचा विचार असेल, तर आणखी एक गोष्ट तपासावी. बालीतील हिंदू शक संवत्सराचा आरंभ ‘न्येपी’ या मौनदिनाने करतात आणि त्या दिवशी विमानतळसुद्धा चोवीस तास बंद असतो. २०२५ मध्ये न्येपी २९ मार्चला होता आणि आपला पाडवा ३० मार्चला.

‘ऑफ सीझन’च्या स्वस्त पॅकेजचा मोह येथेच होतो. जुलैमध्ये फुकेतचे हॉटेल निम्म्या दरात मिळते, हे खरे. परंतु पातोंग, कारोन, काता हे तेथील नावाजलेले किनारे पश्चिमेकडे आहेत. त्या महिन्यांत तेथे अनेकदा लाल बावटा लावलेला असतो आणि तो लागला की पाण्यात उतरायचे नसते. लाटा फुटून परतणारे पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून माणसाला आत खेचून नेते आणि रंकाळ्यात किंवा विहिरीत पोहायला शिकलेल्याचे कौशल्य तेथे अपुरे पडते. शिवाय सिमिलान बेटे मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतात आणि फी फी बेटांवरील माया बे ऑगस्ट व सप्टेंबर असे दोन महिने बंद ठेवतात. उन्हाळी सुट्टीत थायलंडलाच जायचे असेल, तर थायलंडच्या आखाताच्या बाजूचे को सामुई बेट पाहावे, कारण तेथील मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये असतो.

तारखेने निर्णय होत नसेल, तर दुसऱ्या पायरीवर घरातील प्रत्येकाला विचारावे, की सहा दिवसांपैकी पाण्याजवळ नेमके किती दिवस घालवायचे आहेत. उत्तर ‘चार-पाच’ असेल, तर फुकेत बरे. तेथून बोटीने बेटे पाहता येतात आणि फांग-ङा उपसागरातील चुनखडीचे उभे सुळके निवांतपणे बघता येतात. उत्तर ‘दोन पुरेत’ असेल, तर बाली. स्पष्ट सांगायचे तर केवळ किनाऱ्यासाठी बालीला जाण्यात फारसा अर्थ नाही. तेथील कुटा किनाऱ्याच्या लाटा सर्फिंग करणाऱ्यांच्या सोयीच्या आहेत आणि पावसाळ्यात त्या वाळूवर कचराही वाहून येतो. लहान मुलांसाठी प्रवाळखडकांच्या आडोशाचे सानूर किंवा नुसा दुआ निवडावे. बालीचे खरे वैभव आत, उबुदच्या परिसरात आहे. भातशेतीला पाणी वाटून देणाऱ्या तेथील ‘सुबाक’ संस्था देवळांशी जोडलेल्या आहेत आणि २०१२ मध्ये युनेस्कोने त्या व्यवस्थेला जागतिक वारशात स्थान दिले. राधानगरीच्या पाण्यावर वाढलेल्या आणि सहकारी पाणीपुरवठा संस्थेच्या सभांना बसलेल्या आपल्याकडील शेतकऱ्याला त्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत छायाचित्रे काढणाऱ्या पर्यटकांपेक्षा कितीतरी अधिक दिसेल.

तिसरी पायरी घरातील सर्वांत वयस्क माणसाच्या गुडघ्यांची आहे. बालीजवळच्या नुसा पेनिडा बेटावरील केलिंगकिंग कड्याचे छायाचित्र सर्वांनी पाहिलेले असते, पण खालच्या वाळूपर्यंत उतरणारी वाट अतिशय उभी आहे आणि तितकेच पुन्हा चढून यावे लागते. जोतिबाच्या पायऱ्या चढताना दोनदा बसणाऱ्यांनी वरूनच दर्शन घ्यावे. फुकेतकडेही सगळे सुखाचे नाही, कारण बेटांकडे जाणारी स्पीडबोट लाटांवर आपटत जाते आणि कंबरदुखी असलेल्याला त्या प्रवासाचा फार त्रास होतो. अशांसाठी मोठी फेरीबोट निवडावी.

जेवणाचा प्रश्न तुलनेने सोपा आहे, कारण दोन्हीकडे भारतीय खाणावळी आहेत. शाकाहारी मंडळींनी मात्र सावध असावे, कारण थायलंडमध्ये माशांपासून केलेला ‘नाम प्ला’ हा सॉस आणि बालीत झिंग्यांपासून केलेला, सुकटीसारख्या वासाचा ‘तेरासी’ साध्या भाजीतही घातलेला असतो. फुकेतमध्ये पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेले दुकान शोधावे. तेथे मांस-मासे नसतातच आणि कांदा-लसूणही वर्ज्य असतो. बालीत तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि टोफू सहज मिळतात. कांदा-लसूण मसाल्याची बंद पुडी सोबत ठेवावी, पण ती हातातल्या पिशवीत न ठेवता मोठ्या बॅगेत ठेवावी.

त्यानंतर खर्च काढावा आणि तो मुंबईपासून नव्हे, तर स्वतःच्या उंबऱ्यापासून काढावा. थेट विमान मिळाल्यास मुंबईहून फुकेत साडेचार-पाच तासांवर आणि बाली सात-आठ तासांवर आहे, पण त्याआधी महालक्ष्मी एक्सप्रेसची एक रात्र किंवा महामार्गावरचे सात-आठ तास जातात. मधे विमान बदलायचे असेल, तर जाऊन-येऊन दोन पूर्ण दिवस प्रवासातच संपतात, त्यामुळे पाच दिवसांच्या सुट्टीत बाली बसवू नये. बालीत विमानतळावरील व्हिसासाठी माणशी ५ लाख रुपिया आणि फेब्रुवारी २०२४ पासून दीड लाख रुपिया पर्यटक शुल्क लागते. लाखांचे आकडे पाहून घाबरू नये, कारण चौघांचे मिळून ते अंदाजे तेरा-चौदा हजार रुपये होतात. थायलंडचे व्हिसाचे नियम २०२३ पासून अनेकदा बदलले आहेत, म्हणून ते तिकीट काढण्याच्या दिवशीच दूतावासाच्या संकेतस्थळावर वाचावेत. तेथे मे २०२५ पासून ऑनलाइन भरावे लागणारे आगमनपत्र विनामूल्य आहे. त्यासाठी पैसे मागणारे संकेतस्थळ दिसल्यास ते बंद करावे. एजंटाकडून पॅकेज घेतल्यास त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच कापला जाणारा आयकर, घेतला जातो. त्याची नोंद जपून ठेवावी, म्हणजे तो आयकर विवरणपत्रात वजा करून घेता येतो.

पैसे भरण्यापूर्वी घरातील सर्व पासपोर्ट टेबलावर मांडून त्यांच्या तारखा एकेक करून मोठ्याने वाचाव्यात. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षे चालतो, मुलांचा मात्र पाचच, आणि प्रवासाच्या दिवशी त्याची किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी लागते. धाकट्याच्या पासपोर्टची मुदत संपत आली असेल, तर आधी त्याचे नूतनीकरण करावे आणि नवा पासपोर्ट हातात आल्यावरच तिकिटे काढावीत.