पोर्ट्रेट काढायचाय? आधी उजेड बघा, मग जागा

पोर्ट्रेट म्हटलं की बहुतेकजण आधी लोकेशन ठरवतात, मरीन ड्राइव्ह, गेटवे, एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्या, आणि तिथं पोचल्यावर बघतात की ऊन कुठून येतंय. हे उलटं करा. मुंबईत मोकळा बॅकग्राउंड मिळणं मुश्कीलच आहे, पण चेहऱ्यावर उजेड नीट पडला असेल तर साध्या दारातला फोटोही बघत राहावासा वाटतो, आणि उजेड चुकला तर मागे काहीही असू दे, माणूस थकलेलाच दिसतो.

सुरुवात घराच्या दारापासून करा. चाळीतली गॅलरी तर पोर्ट्रेटसाठी एक नंबर, कारण वर छप्पर असतं, उजेड डोक्यावरून न येता समोरून आणि बाजूने येतो. समजा आजीचा फोटो काढायचाय. तिला उंबऱ्याच्या आत हातभर अंतरावर स्टुलावर बसवा, अंगावर थेट ऊन येत नाही ना ते बघा, आणि तुम्ही गॅलरीत चौकटीला टेकून एका बाजूला उभे राहा (मधोमध उभं राहिलात तर उजेड तुम्हीच अडवणार). खोलीतली ट्यूब बंद करा, नाहीतर अर्धा चेहरा निळसर आणि अर्धा वेगळ्याच रंगाचा येतो आणि ते नंतर एडिटिंगमध्ये निस्तरताना जीव जातो. उजेडापासून लांब गेलं की तो भराभर कमी होतो, छोट्या दिव्याचं तर दुप्पट अंतरावर चौथाईच उरतं. दार मोठं असल्यामुळे इतका नेमका हिशोब लागत नाही, पण मागची भिंत काळोखात जातेच, आणि तिच्याबरोबर कपाट, फ्रीज, दोरीवरचे कपडे सगळं गायब.

आता फोटो काढायची घाई करू नका. आजीला चेहरा हळूहळू दारापासून बाजूला वळवायला सांगा आणि फक्त सावली बघत राहा. समोरून उजेड असेल तर चेहरा सपाट दिसतो, सुरकुत्या कमी दिसतात. साधारण ४५ अंशांवर आली की पलीकडच्या गालावर, डोळ्याच्या खाली, उजेडाचा एक छोटा त्रिकोण उरतो, यालाच रेम्ब्रां लाइट म्हणतात, त्या डच चित्रकाराच्या नावावरून. म्हाताऱ्या माणसांना हा उजेड फार शोभतो असं माझं स्पष्ट मत आहे, सुरकुत्या लपवायच्या कशाला? सावली फारच काळी वाटली तर त्या बाजूला कोणालातरी पांढरा चार्टपेपर धरून उभं करा, कागद जवळ आणला की सावली उजळते, लांब नेला की गडद होते. आणि डोळे बघा. दोन्ही डोळ्यांत उजेडाचा ठिपका, म्हणजे कॅचलाइट, दिसला पाहिजे. नसेल तर हनुवटी जराशी वर घ्यायला सांगा.

नऊवारी आणि नथ असेल तर अजून एक गोष्ट. नथ डाव्या नाकपुडीत असते, म्हणून उजेड तिच्या डाव्या बाजूने घ्या, मोती चमकतात. उजेड उंचावरून आला तर नथीची सावली ओठांवर पडते आणि फोटोत ती डागासारखी दिसते, तेव्हा तिला उजेडाकडे थोडं वळवा. हिरव्या साडीवर ऊन पडत असेल तर हनुवटीखाली हिरवट झाक येते, तेही झूम करून तपासा. चष्मा असेल तर काड्या कानावर किंचित वर उचला, काच खाली झुकते आणि खिडकीचं प्रतिबिंब जातं.

फ्लॅटमध्ये खिडकीचं तेच तंत्र, फक्त ग्रिलमधून थेट ऊन येत असेल तर चेहऱ्यावर पट्टे पडतात, पांढरं सुती धोतर किंवा ओढणी लावली की झालं.

बाहेर जाणार असाल तर वेळ पाळा. १५ मेच्या आसपास आणि जुलैच्या शेवटी मुंबईत दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात, अशा उन्हात सरळ सावलीत जा. एशियाटिकच्या पायऱ्यांचं तोंड पश्चिमेला, म्हणून सकाळी तिथं इमारतीची छान सावली मिळते. मरीन ड्राइव्हला संध्याकाळी सगळे माणसाला समुद्राकडे पाठ करून उभं करतात आणि चेहरा काळा येतो. तुम्ही कट्ट्याला पाठ लावा आणि माणसाला समुद्राकडे बघू द्या. सूर्य बुडाला की लगेच कॅमेरा बॅगेत टाकू नका, पुढची दहा-पंधरा मिनिटं आकाशाचा जो मऊ उजेड असतो तो थेट उन्हापेक्षा कितीतरी चांगला. पावसाळी ढगही चालतात, पण तो उजेड वरून येतो, त्यामुळे छपराच्या कडेशी उभं करा.

आता फ्रेम. मोबाइल चेहऱ्याजवळ नेऊ नका, नाक मोठं आणि कान लहान दिसतात. पाच-सहा फूट मागे या आणि दोन एक्स लेन्स (म्हणजे दुप्पट झूम) वापरा, कॅमेरा असेल तर ५० किंवा ८५ एमएमची लेन्स. फोकस जवळच्या डोळ्यावर. डोळे फ्रेमच्या वरच्या एक-तृतीयांश भागात ठेवा, माणूस बाजूला बघत असेल तर त्या बाजूला मोकळी जागा सोडा. मनगट, कोपर, गुडघा, असे सांधे कडेला कापू नका, दंडाच्या किंवा मांडीच्या मध्यावर कापलं तर खटकत नाही. लहान मुलांसाठी खाली बसा, उभ्याने काढलेल्या फोटोत नुसती डोकी येतात. क्लिक करायच्या आधी डोक्यामागे एकदा नजर फिरवा, केबलची वायर किंवा विजेचा खांब डोक्यातून निघालेला दिसला तर एक पाऊल बाजूला सरका, तेवढं पुरतं. भिंतीला चिकटवून उभं करू नका, चार-पाच फूट पुढे आणा, मागचं ब्लर होतं आणि सावलीही भिंतीवर पडत नाही.

रात्री दुकानाच्या उजेडात मस्त पोर्ट्रेट निघतात, पण आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे काही एलईडीखाली फोटोत आडवे पट्टे येतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, आणि माणसाला क्षणभर स्थिर राहायला सांगा.

एक्सपोजर, म्हणजे फोटो किती उजळ यायचा ते, मोबाइलवर चेहऱ्यावर टॅप करून ठरवा. पांढरी टोपी किंवा सदरा असेल तर कॅमेरा फसतो आणि चेहरा अंधारात जातो, मग उजळपणाचा स्लायडर थोडा वर. ब्यूटी फिल्टर मात्र बंदच ठेवा आणि सावळा रंग उजळवत बसू नका, बाजूच्या उजेडात सावळ्या कातडीवर जी चकाकी येते ती फिल्टर पहिली खातो.