जुना अँप्लिफायर एका बाजूनं मुका झाला, तर

आमच्या घरातल्या १९८४ च्या स्टिरिओ अँप्लिफायरचा डावा स्पीकर एका दिवाळीत अचानक गप्प झाला. दुरुस्तीवाल्याकडे नेला, तर त्यानं झाकण न उघडताच निकाल दिला, "आयसी उडालाय. आता मिळत नाही. होम थिएटर घेऊन टाका." अँप तसाच उचलून घरी आणला आणि काही सुचेना म्हणून पुढच्या पट्टीवरची बटणं एकेक करून दाबत बसलो. त्यातलं 'टेप मॉनिटर' (टेपडेकचा आवाज ऐकण्यासाठीचं बटण) कित्येक वर्षांत कुणी दाबलंच नव्हतं. ते सात-आठ वेळा आत-बाहेर केलं आणि डावा स्पीकर खरखरत जागा झाला. आयसी, म्हणजे आवाज मोठा करणारी चिप, ठणठणीत होता, बटणाच्या आतले कॉन्टॅक्ट काळे पडले होते.

तेव्हापासून मी जुन्या हाय-फायमध्ये आधी जोड बघतो, मग पार्ट. जोड म्हणजे जिथे धातूला धातू नुसता टेकलेला असतो ती प्रत्येक जागा: बटण, व्हॉल्यूम, रिले (विजेनं आपोआप चालणारा स्विच), मागचे सॉकेट, फ्यूजची पकड. चाळीस पावसाळे काढलेल्या यंत्रात, विशेषतः कोकणात किंवा मुंबईत, पहिली हार तिथेच होते.

बाहेरूनच बराच तपास होतो

स्टिरिओचा मोठा फायदा म्हणजे त्यात सारखीच दोन यंत्रं असतात. एक बिघडलं तरी दुसरं पुराव्याला शिल्लक असतं. डावी बाजू बंद असेल तर आधी अँप बंद करा आणि मागे स्पीकरच्या वायरींची अदलाबदल करा. आता उजवा स्पीकर गप्प झाला, तर दोष अँपमध्ये किंवा त्याच्या आधी आहे. अजूनही डावाच गप्प असेल, तर स्पीकर किंवा त्याची वायर बघा. वायरी पूर्ववत करून हाच प्रयोग इनपुटच्या पिनांवर करा. शांतता दुसऱ्या बाजूला गेली, तर अँप निर्दोष. डेक, प्लेअर किंवा केबल गुन्हेगार. तीच बाजू बंद राहिली, तर झाकण उघडायची तयारी करा.

त्याआधी मागच्या बाजूला आणखी एक नजर टाका. बऱ्याच जुन्या अँपमध्ये 'प्री-आउट' (अँपच्या पहिल्या भागातून आवाज बाहेर) आणि 'मेन-इन' (पुढच्या भागात आत) असे सॉकेट शेजारी असतात आणि ते यू आकाराच्या धातूच्या क्लिपांनी जोडलेले असतात. घर बदलताना या क्लिपा हरवतात किंवा त्यांच्यावर गंज चढतो, आणि अँप पूर्ण मुका होतो. काढून पुसून पुन्हा लावा. क्लिप हरवली असेल तर साधी आरसीए केबलसुद्धा (लाल-पांढऱ्या पिनांची ऑडिओ केबल) चालते.

परदेशातून आलेला सेट असेल तर मागचा व्होल्टेज सिलेक्टर बघितल्याशिवाय प्लग लावूच नका. जपानमध्ये विकलेला सेट १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेतला १२० चा. आपल्या २३० वर तो फार काळ टिकत नाही.

झाकण उघडताना

प्लग भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. आतले मोठे, डब्यासारखे कपॅसिटर वीज साठवून ठेवतात. १ किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर चिमट्यात धरून त्यांच्या दोन टोकांना अर्धा मिनिट लावा आणि मग मल्टिमीटरनं व्होल्टेज शून्याजवळ आल्याची खात्री करा. स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट मारून ठिणगी पाडायची मर्दुमकी नको. आणि समोर वाल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, सेट असेल तर शिकण्यासाठी तो निवडू नका. तिथे आत दोनशे-तीनशे व्होल्ट, कधी त्याहूनही जास्त, खेळत असतात.

आत काय सापडेल याची तयारी ठेवा. मला एकदा ट्रान्सफॉर्मरच्या ऊबेला झुरळांची अख्खी वसाहत आणि पालीचा एक सांगाडा मिळाला होता. मऊ ब्रशनं सगळं झाडा, ओलं फडकं लावू नका.

बरेच दिवस बंद असलेला सेट पहिल्यांदा सुरू करताना सिरीज बल्ब वापरा. १०० वॉटचा जुना, तारेचा पिवळा बल्ब अँपच्या फेजच्या वायरीत सिरीजमध्ये येईल असा बोर्ड इलेक्ट्रिशियनकडून बनवून घ्या. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही. स्पीकर काढून ठेवा आणि बटण दाबा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, तर ठीक. लख्ख पेटूनच राहिला, तर आत शॉर्ट आहे, ताबडतोब बंद करा. बल्ब नसता, तर त्याहून कितीतरी जास्त करंट ट्रान्सफॉर्मरला सोसावा लागला असता.

फ्यूज उडालेला असेल तर त्याच अँपिअरचा लावा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून लावलेले फ्यूज मी एकाहून जास्त सेटमध्ये पाहिले आहेत. दर वेळी त्यामागे जळलेला ट्रान्सफॉर्मर होता.

खरखर, आणि ये-जा करणारा आवाज

व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते, ती आतल्या कार्बनच्या पट्टीवर साठलेल्या घाणीमुळे. कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे घ्या, नळी पॉटच्या (व्हॉल्यूमच्या खुंटीमागच्या डबीच्या) पिनांजवळच्या फटीत घाला, एक छोटी फवारणी करा आणि खुंटी या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. बटणांना आणि सिलेक्टरला हेच औषध. सगळं वाळू द्या, मगच वीज. खोबरेल तेल घालू नका. चार दिवस बरं वाटतं, मग तेलावर धूळ बसून चिखल होतो आणि थंडीत तेल थिजतं ते वेगळंच.

अँप सुरू केल्यावर दोन-चार सेकंदांनी 'टक्' असा आवाज येत असेल, तर तो स्पीकर वाचवणारा रिले. हळू आवाजात एक बाजू गायब होते आणि व्हॉल्यूम चढवला की परत येते, असं होत असेल तर बहुधा याचेच कॉन्टॅक्ट काळे झाले आहेत. प्लग काढलेला असतानाच रिलेचं प्लास्टिकचं टोपण काढा, जाड कागदाची पट्टी क्लीनरमध्ये भिजवून कॉन्टॅक्टमध्ये धरा आणि हलकेच ओढा. कागदावर काळी रेघ उमटते. रेघ यायची थांबेपर्यंत करा. पॉलिश पेपर घासला तर कॉन्टॅक्टवरचा मुलामाच निघून जातो.

'टक्' येतच नसेल, तर घाई करून रिले बायपास करू नका. तो बहुतेक वेळा काहीतरी पाहूनच अडून बसलेला असतो. स्पीकरकडे डीसी (एकाच दिशेनं वाहणारी वीज) निघाला असेल, तर ती वाट बंद ठेवणं हेच त्याचं काम.

मीटर कुठे लावायचा

सेट चालू, स्पीकर काढलेले, व्हॉल्यूम शून्यावर. डीसीच्या रेंजवर मीटर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा. रिले अडलेला असेल तर त्याच्या अलीकडे, अँपच्या बाजूला मोजा. प्रोब लावताना एक हात मागे. ५० मिलिव्होल्टपेक्षा कमी आलं तर निर्धास्त राहा. एका बाजूला वीस-तीस व्होल्ट दिसले, तर बहुधा आउटपुट ट्रान्झिस्टर (स्पीकरला ताकद देणारा) शॉर्ट झालाय. स्पीकर जोडला असता तर त्याची कॉइल जळून गेली असती. एकेरी सप्लायच्या (प्लस-मायनस जोडीऐवजी एकाच व्होल्टेजवर चालणाऱ्या) जुन्या सेटमध्ये मात्र आउटपुटला एक मोठा कपॅसिटर असतो आणि तो डीसी अडवतो. तिथे कपॅसिटरच्या अलीकडे मोजा, साधारण सप्लायच्या निम्मे व्होल्टेज हवेत.

आता पुन्हा वीज बंद, कपॅसिटर रिकामे. मीटर डायोडच्या खुणेवर. सर्किट डायग्राम नाही म्हणून अडू नका, चांगली बाजू हाच तुमचा डायग्राम. चालू बाजूच्या ट्रान्झिस्टरच्या तीन पायांतल्या (बेस, कलेक्टर, एमिटर) प्रत्येक जोडीचं वाचन कागदावर लिहा आणि मग बंद बाजूला त्याच जागा मोजा. बेसपासून बाकी दोन पायांकडे एकाच दिशेनं ०.५ ते ०.७ दिसायला हवं. कलेक्टर आणि एमिटरमध्ये शून्य दिसलं, तर तो गेला. सर्किटमध्ये असताना आकडे थोडे फसवतात, म्हणूनच दोन्ही बाजूंची तुलना महत्त्वाची. 'टू-एन-३०५५' सारख्या धातूच्या ट्रान्झिस्टरचं अंगच कलेक्टर असतं. त्याखालचा अभ्रकाचा पातळ पापुद्रा परत बसवायला विसरलात, तर नवा ट्रान्झिस्टरही पहिल्याच सेकंदाला जाईल.

गुणगुण

व्हॉल्यूम शून्यावर असतानाही जाड गुणगुण येते? सप्लायचे फिल्टर कपॅसिटर सुकले असण्याची शक्यता आहे. व्हॉल्यूमबरोबर गुणगुण वाढते का ते बघा. वाढत असेल तर कपॅसिटरला हात लावू नका, केबलचं तुटलेलं शिल्डिंग (तारेभोवतीची धातूची जाळी) किंवा टर्नटेबलची सुटलेली अर्थची वायर शोधा.

कपॅसिटर बदलायचाच झाला, तर मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारा. अंगावरच्या पट्ट्याकडचा पाय मायनस. उलटा लावला तर फुटतो. काढण्याआधी फोनवर फोटो घ्या. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सहज मिळतात. जुन्या नंबरचे ट्रान्झिस्टर आणि एसटीके आयसी (जुन्या अँपमधल्या मोठ्या आउटपुट चिपा) घेताना मात्र सावध राहा, त्यांत नकली माल बराच असतो.

काही वेळा एकही पार्ट गेलेला नसतो. गरम-थंड होऊन जड पार्टांच्या पायांभोवतीचा सोल्डर चिरतो आणि बारीक गोल भेग दिसते. भिंगातून बघा. चालू सेटमध्ये सुक्या लाकडी काडीच्या टोकानं बोर्डवर हलकेच टकटक करा. जिथे आवाज तुटतो, तिथे खूण करा, प्लग काढा आणि ताजा सोल्डर द्या.

शेवटी पुन्हा सिरीज बल्ब, पुन्हा डीसीची मोजणी, मग थेट लाइन. पहिला तास जुनाट, गेला तरी चालेल असा स्पीकर जोडा आणि हीटसिंकच्या (ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) जवळ हात धरून बघत राहा. दोन्ही बाजूंची ऊब सारखी असेल, तर चांगले स्पीकर जोडायला हरकत नाही. झाकण मी आणखी एक दिवस उघडंच ठेवतो, कारण ते लावलं की हटकून एक स्क्रू हातात उरतो.