बाटलीचा कोळसा झाला, पण रंग गेला कुठे?

पीईटी (पाण्याच्या-सरबताच्या प्लास्टिकच्या) बाटल्यांपासून अधिशोषक, म्हणजे पाण्यातला रंग स्वतःवर धरून ठेवणारा कोळसा, बनवण्याचा विषय घेतलेली मुलं भेटली की पहिली बातमी एकच असते: मेथिलीन ब्लू (चाचणीसाठी वापरतात तो निळा रंग) ९८ टक्के गेलं! अभिनंदन. आता सांगा, पाण्यातून गेलेला रंग कोळशातच बसलाय कशावरून?

त्यावर नंतर येते, आधी कच्चा माल. गोव्यात त्याला तोटा नाही. कळंगुट-बागाच्या बाजूला पंचायतीच्या शेडमध्ये पोतंभर बाटल्या सहज मिळतात. किनाऱ्यावरच्या असतील तर मीठ-वाळू नीट धुऊन काढा, नाहीतर ती राख बनून कोळशातच राहते. झाकणांची काळजी नको, चुरा पाण्यात टाकला की ती तरंगतात. घात करतं ते बाटलीला आकसून बसवलेलं लेबल. ते कधीकधी पीव्हीसीचं असतं आणि पीईटीसारखंच बुडतं. पीव्हीसीत वजनाने सुमारे ५७ टक्के क्लोरीन, म्हणजे फर्नेसमध्ये हायड्रोजन क्लोराइड, हा दाहक आम्लवायू. शंका असेल तर तांब्याची तापलेली तार तुकड्याला टेकवून पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली की तो माल बाहेर. हे फ्यूम हूडमध्येच करा.

पीईटीत कार्बन ६२.५ टक्के, पण नायट्रोजनमध्ये तापवल्यावर वीसेक टक्के कोळसा हाती आला तरी ठीक समजा. बाकीचं वायू होऊन जातं, आणि काही बेंझोइक, टेरेफ्थॅलिक आम्ल होऊन नळीच्या थंड टोकाला पिवळट सायीसारखं साचतं. ती साय दर वेळी खरवडा. नळी तुंबली की दाब वाढतो. केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) घालून ७००-८०० अंशांवर सक्रिय करणं, म्हणजे कोळशात बारीक छिद्रं पाडणं, सगळ्यांना माहीत असतं, धुण्याचा मात्र कंटाळा येतो. आधी सौम्य आम्लाने, मग डिस्टिल्ड पाण्याने, धुवण उदासीन होईपर्यंत.

आता सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नामागचा सापळा. माझा सुरुवातीचा सगळा डेटा त्यात गेला, म्हणून जरा पाल्हाळ लावते.

शेकरवरून फ्लास्क काढला, फिल्टर पेपरने गाळलं, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ६६४ नॅनोमीटरला (मेथिलीन ब्लू जिथे सर्वात जास्त प्रकाश शोषतं ती तरंगलांबी) वाचलं. चुकलं कुठे? पेपरमध्ये. मेथिलीन ब्लू धनभारित, पेपर सेल्युलोजचा, आणि पाण्यात सेल्युलोजवर थोडा ऋणभार असतो. रंग पेपरला चिकटतो. कोळसा अजिबात न घातलेलं निळं पाणी गाळून बघा, पेपरच्या कोनाला निळी कड उमटते आणि खालचं पाणी फिकं पडलेलं असतं. द्रावण जितकं पातळ आणि गाळलेलं पाणी जितकं थोडं, तितकी ही चोरी मोठी. आलेख मात्र देखणा येतो, तोच तर घोळ! म्हणून दर बॅचला एक फ्लास्क बिनकोळशाचा ठेवा: तोच रंग, तोच वेळ, तीच गाळणी. गाळण्यापूर्वीचं आणि नंतरचं वाचन जुळलं तरच पुढे जा. काचेला लागणारा रंगही त्यातच कळतो. मी आता सरळ सेंट्रिफ्यूज करते. त्यात उलटा धोका आहे, कोळशाचे बारीक कण वर राहून वाचन वाढवतात. ८०० नॅनोमीटरला मेथिलीन ब्लू जवळपास काहीच शोषत नाही. तिथे वाचन आलं तर कण आहेत, पुन्हा फिरवा.

घाबरू नका. आधीच्या वह्या फेकायची गरज नाही, हा एक फ्लास्क लावून कोणती वाचनं टिकतात ते दोन दिवसांत कळतं.

पावसाळ्यात दुसरा छळ. आपल्याकडच्या हवेत कोळसा तराजूवर असतानाच ओल पितो. १०५ अंशांवर सुकवा, डेसिकेटरमध्ये थंड करा, झटपट वजन घ्या. निळी सिलिका जेल गुलाबी झाली असेल तर तो डेसिकेटर नुसता डबा आहे.

सिनियरची तयार एक्सेल शीट घेऊ नका, हे माझं ठाम मत. छद्म-द्वितीय-कोटीच्या (रंग किती वेगाने शोषला जातो ते मांडणाऱ्या समीकरणाच्या) सरळ आलेखात वेळ दोन्ही अक्षांवर येतो, म्हणून ०.९९९ चा R² (रेषा किती जुळते त्याचा आकडा) जवळपास कुणालाही मिळतो. त्यावर खूश होणाऱ्या गाईडपेक्षा ‘ब्लँक दाखव’ (म्हणजे तो बिनकोळशाचा फ्लास्क) म्हणणारा खडूस गाईड बरा. तो शेकरजवळ येऊन उभा राहत असेल तर सोन्याहून पिवळं.

आणि नुसत्या मेथिलीन ब्लूवर थांबू नका. सुती कापडाला मुख्यतः रिअॅक्टिव्ह रंग लागतात. ते ऋणभारित असतात, सोबत भरपूर मीठ आणि सोडा असतो. तुमचा कोळसा तिथे वेगळाच वागेल. आंबोली घाटाने इचलकरंजी काही लांब नाही. ओळखीतून तिथल्या एखाद्या प्रोसेस हाउसचं (कापड रंगवणाऱ्या कारखान्याचं) सांडपाणी मिळालं तर पीएच आणि वाहकता जागेवरच मोजा, बाटली बर्फात ठेवा आणि परतल्यावर पहिला फ्लास्क बिनकोळशाचाच लावा.